पुस्तकभिशीसाठी शॉर्टब्रेड: चार घाण्यांची नोंद

मे महिन्याची पुस्तकभिशी, म्हणजे पुस्तकं घेऊन जमायची आमची बैठक, आमच्या घरी होती. बारा जणं, दर वेळी वडे नाहीतर भजी, आणि मग तेलकट बोटांनी दुसऱ्याचं पुस्तक हातात घ्यायला सगळेच कचरतात. म्हणून या वेळी शॉर्टब्रेड, म्हणजे स्कॉटलंडचं खुसखुशीत बिस्किट, करायचं ठरवलं. मैदा, बटर, साखर, बस. अंडं नाही, सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. प्रमाण स्कॉटलंडमधलं जुनंच घेतलं: वजनाने एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा. म्हणजे 100, 200 आणि 300 ग्रॅम.

4 मे, पहिला घाणा. हाताला केकची सवय, त्यामुळे बटर आणि साखर बीटरने पांढरंशुभ्र होईपर्यंत फेटलं. तिथेच चुकलं. भरलेली हवा ओव्हनमध्ये फुगली, मग बसली, कडा पसरल्या आणि काट्याने मारलेले टोचे बुजून गेले. 180 अंशांवर 25 मिनिटं ठेवलं तर कडा तपकिरी आणि मधे कच्च्या मैद्याची चव. शिवाय पोळीला लावतो ते खारं बटर वापरलं होतं. इतक्या बटरमध्ये ते मीठ फार होतं. पुढच्या वेळेपासून अनसॉल्टेड बटर आणि वरून फक्त एक चिमूट मीठ.

9 मे, दुसरा घाणा. फेटणं बंद, बोटांनी चोळायला घेतलं. पण दुपारचे तीन वाजलेले, पुण्याचा मे महिना, स्वयंपाकघरात 36 अंश. दोन मिनिटांत बटर हातातच वितळलं, गोळा तुकतुकीत झाला आणि भाजल्यावर तळ तुपात तळल्यासारखा कडक निघाला.

यावर मी बराच विचार केला, कारण तत्त्व तर आपल्या मोहनाचंच आहे. चरबी मैद्याच्या कणांना वेढते, त्यांना पाणी नीट मिळत नाही, ग्लुटेनचे, म्हणजे मैद्यातल्या चिवट प्रथिनाचे, धागे लांब होण्याऐवजी आखूड राहतात. नावातलं ‘शॉर्ट’ ते हेच, म्हणजे आपला खुसखुशीतपणा. मग शंकरपाळ्यांना कडकडीत मोहन चालतं आणि इथे बटर गारच का लागतं? तुपात पाणी जवळजवळ नसतंच. बटरमध्ये साधारण 16 टक्के असतं. बटर वितळलं की ते पाणी सुटतं आणि थेट मैद्याला लागतं. हे ध्यानात आल्यावर पुढची वाट सापडली.

16 मे, तिसरा घाणा. सकाळी सहाला उठून केला. बटर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेलं, ते किसणीवर किसलं आणि बोटांच्या टोकांनी भराभर मैद्यात चोळलं. साखर मिक्सरमधून दोनदा फिरवून घेतली. पिठीसाखरेने तोंडात विरघळतं, पण मला दाताखाली जरा कण हवा होता. 300 ग्रॅम मैद्यातला 50 ग्रॅम काढून तिथे मोदकाची तांदळाची पिठी घातली. स्कॉटलंडमध्येही पुष्कळ जण तांदळाचं पीठ नाहीतर रवा घालतात. तांदळात ग्लुटेन नाही, त्यामुळे शॉर्टब्रेड आणखी भुरभुरीत होतं.

ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, थर्मामीटर ठेवला तेव्हा उलगडलं, बटण 160 वर आणि आत 178 अंश! आतलं तापमान 150 वर येईपर्यंत बटण खाली आणलं आणि 55 मिनिटं भाजलं. रंग कसा हवा? साजूक तुपाचा, कडेला त्याहून जरासा गडद. मंद आचेचं कारण या पदार्थाच्या जन्मातच आहे. जुन्या काळी ब्रेडची उरलेली कणीक गोड करून मंद भट्टीत वाळवत, रस्कसारखी. पुढे यीस्टची जागा बटरने घेतली. भाजण्याइतकंच हे वाळवणंही आहे, असं मानलं की घाई आपोआप थांबते.

चव जमली, पण कापताना हरले. पूर्ण गार होऊ दिलं आणि मग सुरी लावली, तर निम्म्याचा चुरा.

23 मे, चौथा घाणा, भिशीच्या आदल्या दिवशी. 20 सेंटिमीटरच्या चौकोनी टिनमध्ये थापलं, जाडी सव्वा सेंटिमीटर. अर्धा तास फ्रीजमध्ये. भाजायच्या आधी सुरीने खोल रेघा, प्रत्येक तुकड्यावर काट्याने थेट तळापर्यंत टोचे, म्हणजे वाफ बाहेर पडते आणि पृष्ठभाग सपाट राहतो. बाहेर काढल्या काढल्या त्याच रेघांवरून पुन्हा सुरी फिरवली. बोटासारखे लांबट 24 तुकडे, म्हणजे 24 बोटं, एकही न मोडता! एक मधोमध तोडून पाहिलं: आत बारीक, कोरडी, एकसारखी जाळी, कच्चेपणाची रेघ कुठेच नाही. खरंच डोळे भरून आले.

रात्रभर डब्यात ठेवलं. मग कागदाची परीक्षा. वहीच्या पानावर एक तुकडा दहा मिनिटं. तिसऱ्या घाण्याचं तेलकट वर्तुळ रुपयाएवढं होतं, याचंही उमटलं, पण लहान. एक तृतीयांश बटर असलेल्या पदार्थाचा डाग पडणारच. म्हणून चर्चा आधी, पुस्तकं बाजूला, मग चहा आणि शॉर्टब्रेड, असा क्रम ठेवला.

भिशीतल्या कॅम्पातल्या काकू पहिल्याच घासाला म्हणाल्या, “अगं, ही तर आपली श्रूजबेरी!” म्हणजे पुण्याची प्रसिद्ध बिस्किटं. त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. कयानी बेकरी 1955 पासून पुण्याला जे खिलवतेय, त्याचं नाव इंग्लंडमधल्या श्रॉपशायरच्या गावावरून आलंय. लोणी-मैद्याचं कुळ एकच, फक्त तिकडच्या जुन्या श्रूजबेरीच्या अनेक कृतींत अंडं असतं. स्कॉटलंडमध्ये हॉगमनेला, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या रात्री, बारानंतर उंबरा ओलांडणारा पहिला पाहुणा कोळसा, व्हिस्की आणि शॉर्टब्रेड घेऊन येतो, हेही सांगितलं. काकूंनी दोन बोटं रुमालात बांधून नेली, काकांसाठी.

पुढचा घाणा गोल करायचाय, कडेला चुण्या पाडून त्रिकोणी तुकडे, ज्यांना तिकडे पेटिकोट टेल्स म्हणतात. तांदळाच्या पिठीऐवजी बारीक रवा, 50 ग्रॅमच. रवा भाजून घालायचा की कच्चा? कोणी करून पाहिलं असेल तर नक्की सांगा.