‘आहे’ म्हणण्याआधी: तिबेटी क्रियापद आणि माहितीचा स्रोत

उन्हाळ्याच्या तोंडावर सोलापुरात एक वाक्य हमखास कानांवर येते: “उजनीतून पाणी सुटलं म्हणे.” यातला शेवटचा शब्द काढून टाकला, तर बोलणारा स्वतः धरणावर जाऊन आला असावा असे वाटते, तो ठेवला, की जबाबदारी बातमी आणणाऱ्यावर जाते. शहराच्या विणकर वस्त्यांत बोलल्या जाणाऱ्या तेलुगूत हेच काम वाक्याच्या शेवटी येणारे ‘अट’ किंवा ‘अंट’ करते, तर कन्नडमध्ये ‘अंते’ करते. ऐकीव माहितीवर खूण करण्याची सोय इथल्या तिन्ही भाषांत आहे, पण ती सोयच आहे, सक्ती नाही. ‘म्हणे’ गाळले म्हणून कोणी वाक्य अशुद्ध ठरवत नाही. ल्हासाच्या बोलीवर आधारलेल्या प्रमाण तिबेटी भाषेत मात्र साधे ‘आहे’ म्हणायचे असले, तरी हे तुम्हाला कशावरून ठाऊक झाले त्यानुसार क्रियापद निवडावे लागते.

मराठी वाचकाची इथे पहिल्याच पायरीवर फसगत होते. ‘मी तिबेटी आहे’ म्हणजे ‘ङा पोपा यिन्’ आणि ‘तो तिबेटी आहे’ म्हणजे ‘खो पोपा रे’. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली, की आहे-आहेस-आहेत यांवर वाढलेले आपण लगेच निकाल देतो की ‘यिन्’ हे प्रथमपुरुषाचे रूप आहे आणि ‘रे’ हे तृतीयपुरुषाचे. सुरुवातीची काही वाक्ये या नियमाने बरोबर येतात, आणि म्हणूनच तो घातक आहे.

पुढच्याच धड्यात प्रश्न येतो. ‘तुम्ही तिबेटी आहात का?’ असे विचारताना तिबेटी माणूस ‘यिन्’ वापरतो, कारण उत्तर देणाऱ्याला ती गोष्ट आतून ठाऊक असणार आणि तो ‘यिन्’नेच उत्तर देणार, हे प्रश्नकर्ता आधीच धरून चालतो. जाणतेपणाचा मान प्रश्नात ऐकणाऱ्याकडे जातो आणि विधानात बोलणाऱ्याकडे राहतो. पुरुष बदलला, पण क्रियापद बदलले नाही. तसेच ‘हा माझा मुलगा आहे’ या वाक्याचा कर्ता उघडच तृतीयपुरुषी असूनही तिथे ‘यिन्’ चालते. आपला मुलगा कोण हे माणूस पाहून किंवा ऐकून ठरवत नाही. ते नाते त्याचे स्वतःचे असते.

उलट दिशेची उदाहरणे मला अधिक बोलकी वाटतात. ‘मी कप फोडला’ हे वाक्य भूतकाळात ‘पायिन्’ लावून सांगितले, तर मी तो मुद्दाम फोडला असा अर्थ होतो. हातून निसटून फुटला असेल, तर ‘सोङ्’ लागते, आणि ‘सोङ्’ हे एरवी डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीचे रूप आहे. मनात हेतू नसल्यामुळे स्वतःच्या कृतीचाही मी केवळ साक्षीदार उरतो. भुकेचेही तसेच आहे. ‘मला भूक लागली आहे’ हे सांगताना ‘दुक्’ येते, म्हणजे प्रत्यक्ष जाणवलेल्या गोष्टीचे रूप; दुसऱ्याच्या भुकेविषयी बोलताना मात्र सहसा निराळे रूप घ्यावे लागते, कारण त्याच्या पोटातली जाणीव आपल्यापर्यंत पोचत नाही. यात पुरुष कुठे आला? इथे हिशेब ‘मी’ आणि ‘तो’ यांचा नसून, गोष्टीशी माझा संबंध कोणत्या वाटेने आला याचा आहे.

पावसाचे उदाहरण याहून सोपे आहे. पाऊस पडताना मी पाहिला असेल, तर ‘छारपा तङ् सोङ्’. सकाळी दार उघडल्यावर अंगण ओले दिसले आणि त्यावरून पाऊस पडून गेल्याचे कळले, तर ‘छारपा तङ् शा’. पडला ही वस्तुस्थिती म्हणून ठाऊक असेल, मग ती कोणी सांगितलेली का असेना, तर ‘तङ् पारे’. मराठीत ‘पडला’, ‘पडलेला दिसतोय’ आणि ‘पडला म्हणे’ अशी सोय आपण करू शकतो. पण मराठीत पहिले रूप तिन्ही ठिकाणी खपते. तिबेटीत सगळीकडे खपणारे असे एकही रूप नाही.

‘असणे’ या क्रियापदाशी तुलना करताना थोडे सावध राहायला हवे. ‘तिबेटात याक असतात’ हे सर्वज्ञात सत्य म्हणून सांगताना ‘योरे’, तिथे जाऊन पाहिले असतील तर ‘दुक्’, आणि ‘माझ्याकडे याक आहेत’ असे सांगताना ‘यो’. यातले पहिले रूप आपल्या ‘असतात’सारखे भासते, आणि सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेविषयीच्या ‘जानेवारीत गड्डा यात्रा असते’ व ‘गड्ड्यावर आज गर्दी आहे’ या जोडीची आठवण होते. पण आपली फोड नेहमीचे आणि आत्ताचे अशी आहे. नंदीध्वज खांद्यावर पेललेला माणूस आणि यात्रेविषयी केवळ वाचलेला माणूस, दोघेही ‘असते’च म्हणतात, तिबेटी क्रियापदाला नेमका त्या दोघांतला फरक महत्त्वाचा वाटतो.

भाषाशास्त्रज्ञांनाही हे कोडे सहज उलगडले नाही. ऑस्टिन हेल यांनी 1980 मध्ये काठमांडूच्या नेवार भाषेतील अशाच रूपांचे वर्णन केले, स्कॉट डिलॅन्सी यांनी 1986 मध्ये ल्हासाच्या तिबेटीतील ज्ञानस्रोत आणि हेतू यांचा संबंध मांडला, आणि निकोला तूर्नाद्र यांनी ‘यिन्’, ‘यो’ या गटासाठी ‘इगोफोरिक’, म्हणजे स्वतःला आतून ठाऊक असलेले सांगणारी रूपे, ही संज्ञा रूढ केली. जुन्या ग्रंथांच्या भाषेत ‘यिन्’ सर्वच पुरुषांना चालत असे, त्यामुळे केवळ पोथ्यांवरून तिबेटी शिकलेल्याला आजच्या बोलण्यातील हा भेद सापडत नाही.

पुरुषाच्या नियमाचा पुरता निकाल लागतो तो दुसऱ्याचे बोलणे सांगताना. ‘तो तिबेटी आहे असे तो म्हणाला’ या वाक्यात दोन्ही ‘तो’ एकच की वेगळे, हे मराठीत संदर्भावरून ठरवावे लागते, किंवा सरळ ‘मी तिबेटी आहे असे तो म्हणाला’ अशी रचना करावी लागते. तिबेटीत सर्वनाम ‘खो’च ठेवूनही भागते: आतल्या वाक्यात ‘यिन्’ असेल, तर तो स्वतःविषयी बोलला, ‘रे’ असेल, तर आणखी कोणाविषयी. सर्वनाम सांगणाऱ्याच्या बाजूने उभे असते आणि क्रियापद मूळ बोलणाऱ्याच्या.

यावरून तिबेटी लोक खोटे बोलूच शकत नाहीत, असा भाबडा निष्कर्ष कोणी काढू नये. न पाहिलेल्या गोष्टीला ‘दुक्’ लावता येतेच, फक्त त्यात दोनदा खोटे बोलणे होते: एकदा गोष्टीविषयी आणि एकदा आपण ती पाहिल्याविषयी. लडाखीत तर डोळ्यांनी पाहिलेल्यासाठी ‘दुक्’ आणि ऐकून, हुंगून, चाखून किंवा स्पर्शाने कळलेल्यासाठी ‘राक्’ अशी वेगळी रूपे आहेत, त्यामुळे तिथे खोटे बोलणाऱ्याला आपण कोणत्या इंद्रियाचा हवाला देणार, हेही आधी ठरवावे लागते.