वाळू पिवळी नसते

जानेवारीत आम्ही जैसलमेरला गेलो होतो. तिथून ४० किलोमीटरवर सम नावाचं गाव आहे, तिथल्या वाळूच्या टेकड्या पाहायला सगळे जातात. तिकडे त्यांना धोरे म्हणतात. बाकीची मंडळी उंटावर बसायला पळाली, मी वही-पेन्सिल घेऊन वाळूत फतकल मारली. तासाभरात तीन स्केचेस झाली, आणि मोबाइलमध्ये फोटो तर किती ते विचारू नका.

पुण्याला आल्यावर १८ बाय २४ इंचांचा कॅनव्हास ईझलवर चढवला. अॅक्रिलिकवर हात बसला होता, तैलरंगात मात्र हे पहिलंच मोठं काम.

ते साफ फसलं. वाळू म्हणजे पिवळी, असं डोक्यात पक्कं. यलो ऑकरमध्ये कॅडमियम यलो आणि पांढरा कालवून सगळे धोरे रंगवले आणि सावलीसाठी त्यातच काळा घातला. पिवळ्यात काळा पडला की शेवाळी रंग होतो, हे तेव्हा कळलं. आई मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "शिरा छान झालाय गं, पण खाली लागलाय."

पॅलेट नाइफनं सगळं खरवडलं, टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसलं. मग फोटो बाजूला ठेवून वही उघडली. स्केचच्या कडेला मीच लिहून ठेवलं होतं: सावली निळी-जांभळी, उन्हातली वाळू गुलाबीसर. फोटोंत त्याच सावल्या नुसत्या काळपट आल्या होत्या. खरं तर साधी गोष्ट आहे. जिथे सूर्य पोचत नाही तिथे आकाशाचा निळा उजेड असतोच की.

दुसरी चूक आकाराची होती. माझे धोरे पालथ्या वाट्यांसारखे गोल गरगरीत. प्रत्यक्षात वारा येतो त्या बाजूचा उतार लांब आणि निवांत असतो. माथा ओलांडला की वाळू घसरते आणि पलीकडे साधारण ३४ अंशांचा उभा उतार तयार होतो. थरच्या वाळवंटात मुख्य वारा नैर्ऋत्येचा, आणि हिवाळ्यात सूर्यही नैर्ऋत्येकडेच झुकून मावळतो. त्यामुळे संध्याकाळी लांब उतार उन्हात, उभा सावलीत आणि दोन्हींच्या मधे विळीसारखी धार.

दुसऱ्यांदा आधी बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फक्त उजेड आणि अंधार मांडला. अंबर लवकर वाळतो, फार थांबावं लागत नाही. मग सावलीला अल्ट्रामरीन निळा, तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि पांढरा. उन्हाला ऑकर, भरपूर पांढरा आणि सिएनाचं नुसतं बोट. जवसाचं तेल वरच्या थरांतच. खाली तेलकट आणि वर पातळ असा उलटा कारभार केला, तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे त्याला तडे जातात.

सगळ्यात वेळ खाल्ला तो त्या धारेनं. वीतभर रेघ, तीन संध्याकाळी. सगळीकडे सारखी टोकदार ठेवली तर कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी दिसते, पुसट केली तर पुन्हा शिरा. शेवटी माथ्याशी चपट्या ब्रशनं एका दमात ओढली आणि टेकडी खाली उतरते तिथे कोरड्या ब्रशनं हळूहळू विरवली. रंग ओला असताना हे जमतं, हीच तैलरंगाची मजा. वाळूवरच्या लाटा आधी सगळीकडे काढल्या होत्या, त्यानं चटई अंथरल्यासारखं झालं. आता फक्त पुढच्या भागात आहेत. एक खेजडीचं झाड आहे, मळकट हिरवं. आकाश दोन बैठकांत उरकलं.

उंट काढला होता. शेळीसारखा दिसायला लागला, म्हणून खरवडून टाकला. चित्र आता कपाटावर वाळतंय. वॉर्निशला अजून सहा महिने तरी हात लावायचा नाही. आई रोज येता-जाता विचारते, "उंट कधी येणार?"