साडेपाच तासांची चूक

रविवार, रात्र. उद्या सरांना ग्राफ दाखवायचाय आणि ग्राफ नाहीये. म्हणजे होता, काल रात्रीपर्यंत एकदम झकास होता, आज दुपारी चहा पिता पिता गेला. लिहून काढते, नाहीतर झोप लागणार नाही.

आधी ते रोजचं रडगाणं. एअरफोर्स सोडलं, आता स्पेस सायन्स करतेय, एवढं म्हटलं की समोरचा खुलतो आणि मग राकेश शर्मा, शुभांशू शुक्ला, गगनयान, तुझा नंबर कधी वगैरे. अहो, गगनयानला निवडलेले चौघंही टेस्ट पायलट आहेत. मी चौदा वर्षं एमआय-17 हेलिकॉप्टर चालवलेली शॉर्ट सर्व्हिसवाली (ठरावीक वर्षांचीच नोकरी) बाई, कधी पीठ, कधी रॉकेल, कधी आजारी जवान, इकडून उचला तिकडे टेकवा. पेन्शन नाही. माझे निम्मे बॅचमेट बॉम्बे हायला ऑफशोअर उडवतात, पगार विचारू नका. आईने सोसायटीत सांगून ठेवलंय की मुलगी इस्रोत आहे. मुलगी विश्रांतवाडीला वन बीएचकेत बसून पायथन शिकतेय, आणि लोहगावहून सुखोई उठलं की खिडकीपाशी जाते. चार वर्षांपूर्वी जात नव्हते.

लॅबमधली पोरं तेवीस-चोवीसची. आधी मॅम म्हणायची, आता ताई. चाललंय.

सगळ्यात गंमत शब्दांची. फ्लेअर म्हटलं की ही पोरं सूर्याकडे बघतात. माझ्या डोक्यात आधी लँडिंगच्या वेळी नाक वर करून स्पीड मारायचा तो फ्लेअर येतो, मग मिसाईल चुकवायला सोडतात ते फ्लेअर, आणि तिसऱ्या नंबरला सूर्यावरचा भडका. पण मी इथे आले ती त्या तिसऱ्यामुळेच. 10 मे 2024 ला सूर्याचं मोठं वादळ आलं, 2003 नंतरचं पहिलंच जी-5, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीचं, आणि हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांत आकाश लाल दिसलं. लडाखवरचं ते आकाश मी ओळखते की! फोटो बघताना एकदम एक जुनी सॉर्टी, म्हणजे एक उड्डाण, आठवली.

लेहला असताना सकाळी लवकर निघायचो, कारण दुपारी वारा सुटतो आणि ऊन चढलं की हवा आणखी विरळ, मशीन वजन उचलत नाही. दऱ्यांमध्ये व्हीएचएफ, म्हणजे जवळचा रेडिओ, डोंगराआड गेलं की संपलं, मग एचएफ, लांब पल्ल्याचा रेडिओ. त्या दिवशी सहा पस्तीसला उड्डाण केलं आणि साधारण सहा पन्नासला एचएफ मेलं. नुसती खरखर, मग तीही नाही. फ्रिक्वेन्सी बदलून बघितली, काही नाही. वीसेक मिनिटांनी आपोआप आलं परत. उतरल्यावर स्नॅग (बिघाडाची नोंद) लिहिला, उत्तर आलं ग्राउंड चेक ओके. मी चिडले होते, मला वाटलं मला येडी ठरवतायत.

तर इथे आल्यावर फ्लेअरचं कळलं. फ्लेअरमधले एक्स-रे प्रकाशाच्याच वेगाने येतात, आठेक मिनिटांत, म्हणजे आपल्याला दिसेपर्यंत ते येऊन पोचलेले असतात, वॉर्निंग वगैरे काही नाही. पृथ्वीच्या उन्हातल्या बाजूला आयनोस्फियरचा (वातावरणाच्या वरच्या भारित भागाचा) सगळ्यात खालचा डी थर त्यांनी एकदम चार्ज होतो आणि एचएफ गिळून टाकतो. व्हीएचएफला काही होत नाही. थोड्या वेळाने सगळं पूर्ववत. वाचताना अंगावर काटा आला, हे तर माझंच वर्णन! (सीएमई, म्हणजे सूर्याने फेकलेला भारित वायूचा ढग, तो वेगळा, तो रमतगमत एक ते तीन दिवसांनी येतो, आदित्य-एल1 पंधरा लाख किलोमीटरवर बसलंय तिथून गेल्यावर सुद्धा साधारण तासाभराने. त्याला तरी ब्रीफिंगला वेळ मिळतो.)

मग काय, माळ्यावरून लॉगबुक काढलं, तारीख घेतली, अमेरिकेच्या गोज सॅटेलाईटचा त्या दिवसाचा एक्स-रे डेटा उतरवला, प्लॉट केला. सहा बावन्नला एम क्लासची, म्हणजे वरून दुसऱ्या वर्गातली, चांगली उंच फ्लेअर. सहा बावन्न! मी रात्री दीडला खोलीत एकटीच नाचले. आईला फोन करणार होते पण वेळ बघून थांबले.

आज दुपारी चहा हातात, ग्राफला टायटल देत होते आणि खालच्या अक्षावर माझ्याच हाताने लिहिलेलं यूटीसी दिसलं.

लॉगबुक आयएसटीत, म्हणजे आपल्या वेळेत. डेटा यूटीसीत, म्हणजे जागतिक वेळेत, साडेपाच तास मागे. सहा पन्नास म्हणजे यूटीसी पहाटेचे एक वीस, आणि एक वीसला सूर्य ढाराढूर झोपलेला, रेघ सपाट. फ्लेअर झाली ती आपल्या दुपारच्या बारा बावीसला, तेव्हा मी मेसमध्ये राजमा खात असणार. चौदा वर्षं झुलू टाईमवर, म्हणजे याच यूटीसीवर, हवामान वाचलं, एका साध्या नोटॅममध्ये (वैमानिकांसाठीच्या सूचनेत) ही चूक केली असती तर स्क्वाड्रनमध्ये वर्षभर सगळ्यांना चहा पाजावा लागला असता, आणि इथे मला दिसलंच नाही कारण मला ते दिसायला नको होतं. बोचतंय ते हे. तिथे उतरलं की तासाभरात डेब्रीफ, ज्युनियर पोरगा सुद्धा तोंडावर सांगतो मॅडम तुम्ही हाईट सोडली. इथे अक्षाचं लेबल खोडलं असतं तर कदाचित कोणाला कळलंही नसतं. खोडायचा विचार आला होता का? अर्धा सेकंद. आला होता.

संध्याकाळी आमच्या तेव्हाच्या सार्जंटना फोन लावला, आता ते वडूजला शेती बघतात. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, साहेब तो एचएफचा स्नॅग आठवतोय का. लगेच म्हणाले, "आठवतोय की मॅडम, अँटेनाचा कनेक्टर सैल होता. ग्राउंडवर ओके दाखवायचा, व्हायब्रेशनला सुटायचा. चार दिवसांनी सापडला, तुम्ही लीव्हवर गेला होतात." मग बराच वेळ कांद्याच्या भावाबद्दल बोलले.

सरांना मेल टाकलाय, दोन्ही ग्राफ जोडून, चुकीचा आणि बरोबर. त्यांनी उत्तरात एवढंच लिहिलंय की लॉगबुकमधल्या बाकीच्या एचएफच्या नोंदी पण आणा, सगळ्या यूटीसीत करून. एकतीस आहेत, मोजल्या.

सव्वाबारा झाले. म्हणजे यूटीसीत अजून रविवार संध्याकाळचे पावणेसातच आहेत. बसते.