गुडघा नाही, सीट म्हातारी झालेली

आज राईड नाहीच, अर्धा दिवस ॲलन की (सहाकोनी पाना) घेऊन सायकलपाशी बसलो. महिनाभर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला ठणका आणि मी आपला वयाला दोष देतोय, निघालं काय तर सीट खाली!! भिंतीला टेकून बसलो, पॅडल सगळ्यात खाली, त्यावर टाच, पाय सरळ व्हायला हवा तर माझा चांगलाच वाकलेला. मग तो ग्रेग लेमाँडचा (टूर द फ्रान्स जिंकलेला अमेरिकन सायकलपटू) फॉर्म्युला, पायाची आतली उंची (जांघेपासून जमिनीपर्यंत) गुणिले ०.८८३, बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचे दांडे ज्यावर फिरतात तो आस) मध्यापासून सीटच्या वरपर्यंत मोजलं तर तब्बल १८ मिमी कमी. एकदम सगळी वर घेतली आणि दोन किलोमीटरात कंबर डावी-उजवी डुलायला लागली 🤦 थोडी खाली आणली परत. ५-५ मिमीनेच बदलायचं असतं हे माहीत होतं हो, पण धीर कुणाला.

हाताला मुंग्या यायच्या त्याचं कारणही सापडलं बहुतेक, सीटचं नाक खाली झुकलेलं, म्हणजे सगळा भार तळहातांवर. स्पिरिट लेव्हल ठेवून सपाट केलं. स्टेमला (हँडल धरून ठेवणारा तुकडा) अजून हात लावलेला नाही, एका वेळी एकच भानगड. सीटपोस्टवर (सीटखालची दांडी) टेपने खूण केलीये. उद्या ४० किमी, बघू गुडघा काय म्हणतो.