वही नीट असताना मोबाईलवर परत कशाला?

बचत गटांच्या कामात असल्यामुळे हा प्रश्न मला सारखा ऐकायला मिळतो. "ताई, आमच्या वह्या पूर्ण आहेत, सह्या आहेत, हिशोब जुळतो. मग तेच सगळं मोबाईलवर परत कशाला भरायचं? त्याने कर्ज लवकर मिळतं का?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

बँकेत बसलेल्या माणसाला तुमच्या गटाचं काय दिसतं, तिथून सुरुवात करू. त्याला दिसतं फक्त बचत खातं. समजा दहा जणी महिन्याला शंभर रुपये टाकतात. सहा महिन्यांत सहा हजार जमतात. चांगला गट हे पैसे खात्यात पडून राहू देत नाही. एकीला बियाण्यासाठी दोन हजार, दुसरीला मुलीच्या फीसाठी दीड हजार, तिसरीला दवाखान्यासाठी दोन हजार दिले जातात. खात्यावर उरतात पाचशे. त्याच गावात दुसरा एक गट आहे. तिथे भांडण झालं, अंतर्गत कर्जवाटप थांबलं आणि सहाच्या सहा हजार खात्यात पडून राहिले. नुसतं पासबुक पाहणाऱ्याला हा दुसरा गट भक्कम वाटणार. पैसे फिरवणारा, वेळेवर वसूल करणारा पहिला गट मात्र कंगाल दिसणार. मला ही गोष्ट फार टोचते, कारण त्या बायकांनी कमावलेली पत कर्ज खातेवहीच्या पानांवर असते आणि खातेवही असते गावात, सचिवाच्या घरच्या ट्रंकेत.

रिझर्व्ह बँकेचा नियम खरं तर वहीच्या बाजूने आहे. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांना कर्ज देताना, गट किमान सहा महिने सक्रिय आहे की नाही हे गटाच्या हिशोबाच्या वह्यांवरून ठरवायचं, बचत खातं उघडल्याच्या तारखेवरून नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पंचसूत्रीही पाहायची: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि अद्ययावत नोंदी. बँक अधिकाऱ्याने तुम्हाला "खातं उघडून सहा महिने झाले नाहीत" असं सांगितलं, तर हा नियम नम्रपणे पण ठामपणे पुढे करा.

पण वही तपासायची म्हणजे वाचावी लागते. शाखा तालुक्याला, तिच्याकडे कितीतरी गावांचे गट आणि प्रत्येक गटाच्या वहीतलं अक्षर वेगळं. अधिकाऱ्याची बदली झाली की नवा साहेब येतो, तो कधीकधी मराठी वाचू न शकणारा. तुमचा गट कसा आहे हे जुन्या साहेबाला ठाऊक होतं, ते त्याच्याबरोबरच गेलं.

ही अडचण शेती आणि ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेला, म्हणजे नाबार्डला, चांगली माहीत होती. 1992 मध्ये त्यांनी 500 गट बँकांना जोडण्याचा प्रयोग केला, त्यातून पुढे बचत गट-बँक जोडणीचा एवढा मोठा कार्यक्रम उभा राहिला. मग 15 मार्च 2015 रोजी नोंदी डिजिटल करण्याचा 'ई-शक्ती' प्रकल्प सुरू झाला. प्रयोगासाठी दोन जिल्हे निवडले, झारखंडमधला रामगढ आणि आपला धुळे. आता उमेदच्या, म्हणजे याच अभियानाच्या महाराष्ट्रातल्या, गटांसाठी नोंदी भरायचं लोकोस ॲप आहे. सगळ्यांमागचा विचार एकच: ट्रंकेतली खातेवही बँकेच्या टेबलावर दिसावी.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. कर्ज लवकर मिळतं का? नोंद भरली की कर्ज आलं, असं होत नाही. प्रस्ताव, ठराव, केवायसी, शाखेची तयारी हे सगळं लागतंच. मात्र दर महिन्याची नोंद खरी असेल, तर "तुमचा गट चालतो याला पुरावा काय" हा प्रश्न उरत नाही आणि अर्धे हेलपाटे त्याच प्रश्नापायी होत असतात. जूनमध्ये पेरणीला पैसे हवेत आणि बँकेचं कर्ज ऑगस्टमध्ये आलं, तर मधल्या काळात बाई दारात येणाऱ्या खासगी कंपनीचं आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज घेते. त्याचा व्याजदर पुष्कळदा वीस टक्क्यांच्या वर असतो. गटाला अभियानातून तीन लाखांपर्यंत सात टक्क्यांनी कर्ज मिळू शकतं. दोन महिन्यांच्या उशिराची किंमत ही अशी मोजावी लागते.

म्हणूनच नोंद कुठे बसून भरली जाते याबद्दल मी फार आग्रही आहे. महिनाअखेरीला सीआरपी ताई, म्हणजे गावातल्या गटांना मदत करणारी कार्यकर्ती, एकटी बसून सगळ्या गटांचे आकडे भरते, तेव्हा नकळत अंदाजाने जुळवाजुळव होते. सगळ्यांची हजेरी पूर्ण, सगळ्यांचे हप्ते वेळेवर, दर महिन्याला तेच. असा गट जगात नसतो. एखादीचा हप्ता चुकला, पुढच्या बैठकीत तिने दोन भरले, हीच नोंद गटाची खरी ताकद दाखवते. नोंद बैठकीतच, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचून व्हावी. जिला वाचता येत नाही, तिला स्वतःचा आकडा ऐकून लगेच "चूक आहे" म्हणता येतं.

नावांचंही तसंच. आधारवर माहेरचं आडनाव, गटाच्या वहीत सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी. पूर्वी हे चालून जायचं. पण गटाला दिलेल्या बँक कर्जाची सदस्यनिहाय माहिती पतमाहिती कंपन्यांना, म्हणजे कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना, कळवावी, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने 2016 मध्ये दिले. म्हणजे तुमची परतफेड तुमच्या नावावर जमा होणार, ही मोठी संधी. नाव चुकलं तर ती दुसरीच्या खात्यावर जाईल, नाहीतर दुसरीची थकबाकी तुमच्या. कर्ज घेण्याआधी नावं एकसारखी करून घ्या. आणि माहिती भरण्यासाठी म्हणून कोणी फोनवर ओटीपी मागितला तर देऊ नका.

वही मात्र बंद करू नका. मोबाईल बिघडतो, सर्व्हर बसतो, ताई काम सोडते. सह्यांची वही गटाच्या ताब्यात राहू द्या, आणि नोंद भरणाऱ्या ताईला तिचं मानधन वेळेवर मिळतंय का, हे ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाच्या, बैठकीत दर महिन्याला विचारा.