गठ्ठा बांधता येतो, सोडताही आला पाहिजे

पहिली-दुसरीच्या मुलांना मी दशक-एकक शिकवायला घेतलं तेव्हा त्यांच्या वह्यांत चुका जवळजवळ नव्हत्याच. दोन घरं आखलेली, वर ‘द’ आणि ‘ए’, खाली अंक जागच्या जागी. ‘४७ मध्ये दशक किती?’ ‘चार!’ ‘एकक किती?’ ‘सात!’ सगळी एका सुरात. पण या उत्तरांसाठी डावीकडचा अंक कोणता आणि उजवीकडचा कोणता एवढंच कळावं लागतं.

म्हणून घरं बाजूला ठेवली आणि एकेकाला जवळ बसवून सोळा काड्या मोजायला दिल्या. मोजून झाल्यावर कागदावर १६ लिहायला सांगितलं. ६ वर बोट ठेवून विचारलं, ‘हा म्हणजे यातल्या किती काड्या?’ मुलं सहा काड्या वेगळ्या काढत. मग १ वर बोट. बहुतेकांनी एक काडी उचलली. ‘मग या उरलेल्या नऊ कुणाच्या?’ यावर कुणी गोंधळलं, कुणाला त्यात काही वावगंच वाटलं नाही. ही चाचणी माझी नाही. मुलं गणित कसं शिकतात याच्या अभ्यासक कॉन्स्टन्स कामी यांनी १९८० च्या दशकात मुलांना असेच प्रश्न विचारून त्यांची उत्तरं मांडली आहेत.

त्यानंतर बराच काळ आम्ही फक्त काड्या आणि रबरबँड घेऊन बसलो. फासा टाकायचा, पडेल तेवढ्या काड्या घ्यायच्या, आणि नियम एकच: हातात नऊपेक्षा जास्त सुट्या ठेवायच्या नाहीत. दहा झाल्या की बांधा. हे मुलांना लगेच जमलं, आवडलंही. उलटा खेळ मात्र जड गेला. पाच गठ्ठे घेऊन सुरुवात, आणि फाशावर पडेल तेवढ्या काड्या परत द्यायच्या. चार पडले आणि सुटी एकही नाही! एक मुलगी गठ्ठा हातात धरून बसून राहिली. सोडला तर दहा जातील, असं तिचं म्हणणं. तयार दशक-दांड्यांऐवजी (एक अखंड दांडा म्हणजे दहा) काड्याच का घेतल्या, याचं कारण हेच. दांडा दिसायला सुबक, पण तो सुटत नाही, त्याची दुसऱ्या कशाशी तरी अदलाबदल करावी लागते. ज्या मुलाने गठ्ठा स्वतः बांधून सोडलेला नाही त्याला ती अदलाबदल नुसती देवघेव वाटते. दांडे मी नंतर आणले, आणि खेळातल्या नोटा त्याच्याही नंतर, कारण दहाची नोट काही एकच्या नाण्याच्या दहापट मोठी दिसत नाही.

मोजणीतही मजा होती. चार गठ्ठे, तीन सुट्या. काही मुलं गठ्ठ्यातल्या काड्याही एकेक करून मोजत. त्यांना मी मोजू दिलं, कंटाळली की आपणच दहाने उडी मारतात. खरी अडचण गठ्ठ्यांवरून सुट्यांवर येताना व्हायची: ‘दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास, साठ, सत्तर.’ सुरू झालेली चाल मोडवत नाही!

आपले संख्यांचे उच्चारही थोडा त्रास देतात. तेवीस म्हणताना तीन आधी ऐकू येतो, म्हणून ३२ लिहिलं जातं. काही मुलं आधी ३ लिहून त्याच्या डावीकडे २ बसवतात. वहीत २३ च दिसतं, म्हणून लिहिताना हात बघावा. एकोणतीसमध्ये तर दोनही ऐकू येत नाही आणि नऊही नाही. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हेच, फक्त नव्व्याण्णव तेवढा सरळ. तिथे पाठांतरावर जोर न देता दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या समोर ठेवायच्या आणि ‘तीस व्हायला किती हव्यात?’ विचारायचं.

काड्या उलट्या मांडण्याचा प्रयोग मला सगळ्यात उपयोगी वाटला. सुट्या तीन डावीकडे, गठ्ठे चार उजवीकडे. किती? बऱ्याच जणांनी ३४ लिहिलं. काड्या कुठेही सरकवल्या तरी त्रेचाळीसच राहतात, जागेला किंमत येते ती अंक लिहिताना, हे त्यांनी मोजून, भांडून ठरवलं. मग बाणकार्डं आणली: ४० चं कार्ड, त्याच्या शून्यावर ३ चं कार्ड, झाले ४३. मुलं पुन्हापुन्हा ३ उचलून खाली शून्य आहे ना ते बघत.

यानंतरचा प्रश्न मी वाढीव समजत नाही, हातच्याचा पाया तिथेच आहे. त्रेचाळीसमधला एक गठ्ठा त्यांच्यासमोर सोडायचा आणि विचारायचं, ‘आता काड्या किती?’ जे मूल पुन्हा पहिल्यापासून मोजतं, त्याला तीन गठ्ठे आणि तेरा सुट्या म्हणजेही त्रेचाळीसच, हे अजून पटलेलं नाही. त्याला उभी मांडणी देऊन ‘शेजारून एक उसना घे’ शिकवण्याची घाई मी करत नाही.

३२ मधून १५ काढायचे तेव्हा बहुतेकांनी एक गठ्ठा सोडला. एकाने मात्र सरळ दोन गठ्ठे माझ्यापुढे ढकलले आणि हात पुढे केला: ‘पाच सुट्या परत द्या.’ सतरा. बाकीच्यांनी त्याला पुन्हा करायला लावलं, मग दुसरी वजाबाकी घेऊन तसंच होतं का ते बघत बसले. उभ्या मांडणीचा तास पुढे ढकलला.