बागेची सुट्टी

मार्च सरत आला की निफाड-पिंपळगावकडची द्राक्षबाग बघवत नाही. माल उतरून गेलेला, पानं कडेनं करपलेली, मांडवाखाली सुकलेले मणी. फेब्रुवारीत जिच्या घडांशी गाल लावून पाहुण्यांनी फोटो काढले, तिच्याकडे आता कुणी ढुंकूनही बघत नाही. मला मात्र बागेत जायला हेच दिवस आवडतात. मामाही तेव्हा जरा माणसात असतो.

‘झाड फक्त देतं, मागत काहीच नाही’ असं वाक्य सकाळी सकाळी फुलाच्या चित्रावर मोबाइलमध्ये येतं. ते लिहिणाऱ्यानं द्राक्षबाग नक्की लावलेली नाही. द्राक्षवेल मागते, आणि दटावून मागते. लोखंडी मांडव, ठिबक, शेणखत, फवारण्या, विरळणीला माणसं. निफाडात पारा घसरला की भल्या पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, मणी तडकू नयेत म्हणून. फुलोऱ्यात पाऊस आला तर घड कुजतात, गळतात, आणि मग मागितलेलं सगळं पुरवूनही हात रिकामे. मामाचा निम्मा जन्म तिचे हट्ट पुरवण्यात गेलाय.

तरी एक गोष्ट मला चकित करते. फळ गोड का असतं? पाखरांनी खावं आणि बी लांब नेऊन टाकावं म्हणून. म्हणजे मूळ सौदा रोखठोक आहे. पण आपल्या थॉमसन, सोनाका या द्राक्षाच्या जातींना बीच नाही. त्यांचा वंश कलमानं, माणसाच्या हातानं चालतो. सौद्यातला स्वतःचा हिस्सा गेला, तरी वेलीनं गोडी काही कमी केली नाही. याला दानत म्हणायचं की जुनी सवय, हे मी ठरवू शकलेलो नाही. माणसांच्या बाबतीतही हे कुठं ठरवता येतं?

शेवटचा ट्रक गेला की मामा बागेला विश्रांती देतो. साधारण पंधरा-वीस दिवस. पाणी, खत थोडं थोडं चालू असतं, पण मागणं बंद. घड पोसताना खोडा-मुळांतला साठा आटलेला असतो, तो उरल्यासुरल्या पानांनी पुन्हा भरायचा. मग एप्रिलच्या रणरणत्या उन्हात खरड छाटणी. पेठ-सुरगाण्याकडची मजुरांची टोळी येते आणि काड्या पार बुडाशी, कोंब फुटायला एखादा डोळा ठेवून कापते. थंड मुलुखात वेल हिवाळ्यात पानं गाळून स्वतःच झोपते. आपल्याकडे तिला तशी झोप लागत नाही, म्हणून वर्षातून दोनदा कात्री लावावी लागते. दुसरी ऑक्टोबरची, गोडी छाटणी. त्यानंतर घड दिसतात आणि सगळं कौतुक तिच्या वाट्याला येतं. खरं काम उन्हाळ्यातच उरकलेलं असतं. मे-जूनमध्ये ऊन खाणाऱ्या नव्या काडीच्या डोळ्यात घड सूक्ष्म रूपात तयार होतो. त्या दिवसांत आभाळ भरून राहिलं तर पुढच्या फेब्रुवारीचा माल तिथंच घटतो, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

हे सगळं मामा एकदा मला ओट्यावर बसून समजावत होता. “माल गेला की लगेच कात्री लावायची नाही. तिला दम खाऊ द्यायचा.” मामी आतून ताकाचे पेले घेऊन आली आणि म्हणाली, “आणि तिच्या मालकिणीला?”

मामा हसला. मी हसलो नाही, कारण त्या वर्षी आमच्या घरी आलेला क्रेट मामीनंच भरला होता. नाशिकात द्राक्षं विकत आणली असं सांगायला लोक जरा लाजतात. प्रत्येकाचा कुणी ना कुणी बागवाला असतो, आणि प्रत्येक बागवाल्याच्या घरी एक मामी असते. ती जावांना, नणंदांना, पोरांच्या मास्तरांना निवडून निवडून घड भरते आणि स्वतः गळलेले मणी खाते. पॅकिंगच्या दिवसांत पन्नास माणसांचा चहा तिच्याकडे. एवढं झालं की लगेच पापड-कुरडया.

यंदा चैत्रात ती सप्तशृंग गडावर यात्रेला गेली आणि तिथून परस्पर माहेरी, सटाण्याला. मामाचा तिसऱ्या दिवशी फोन. साखर कुठंय, गॅसवाला कधी येतो, वगैरे. शेवटी मुद्द्यावर आला, “कधी येतेस?” मामी म्हणाली, “टोळी आली की कळवा. तोवर नाही.”

टोळी सोमवारी यायची होती. मामानं मुकादमाला फोन करून गुरुवार सांगितला. मी बघत होतो, तर म्हणाला, “ऊन काय पळून चाललंय का?”